व्हिक्टरचं आभारपत्र

भाईंदरजवळच्या पाली गावात कुणाला सरकारदरबारी काही लिहून हवं असलं की तो सरळ व्हिक्टरच्या ओट्यावर येऊन बसतो. चौसष्ट वर्षांचा गडी, चाळीस वर्षं बोटीवर काढलेली, पण मराठी असं लिहितो की मास्तरांनी वाचत राहावं. 'सविनय', 'कृपाभिलाषी', 'आपला नम्र' असं सगळं घालतो. तोंडात मात्र नम्रपणा औषधालाही नाही. सकाळी पेपर उघडला की आमदारापासून अर्थमंत्र्यापर्यंत एकेकाची हजेरी, आणि तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्याची बायको ॲग्नेस आतून म्हणते, "पोचलं हां मंत्र्याला. आता चहा घ्या."

ह्या ॲग्नेसला दमा. पालीच्या गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. मोठी ॲम्ब्युलन्स आत येतच नाही. गेल्या वर्षी तिचा श्वास अडकला, तेव्हा मुलगा वॉरेन पुढे, व्हिक्टर मागे आणि मध्ये ती, असं स्कूटरवर बसवून तिला मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. वाटेत दोनदा ती एका बाजूला कलंडली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. तेव्हापासून व्हिक्टरच्या डोक्यात एकच गोष्ट: गावाला बाईक ॲम्ब्युलन्स हवी. मोटरसायकल, तिला ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि गल्लीत शिरेल एवढी रुंदी. त्याने अकरा अर्ज लिहिले. अकराव्याला राज्य सरकारच्या योजनेतून मंजुरी आली.

दुसऱ्याच दिवशी भाईंदरहून जितेश हजर. हा साहेबांचा कार्यकर्ता. कुठले साहेब विचारू नका, सगळ्यांचे जितेश सारखेच असतात. बॅनर छापूनच आणला होता. म्हणाला, "काका, एक आभारपत्र पाहिजे, एकदम तुमच्या स्टाइलमध्ये. आणि ते 'मंजूर केल्याबद्दल' नको हां, सुकं सुकं वाटतं. 'दिल्याबद्दल' लिहा ना. गाडी तो आ ही रही है."

व्हिक्टरलाही ते पटलं. 'मंजूर केल्याबद्दल' म्हणजे कसं कारकुनी. 'आमच्या गावास दुचाकी रुग्णवाहिका दिल्याबद्दल समस्त ग्रामस्थ आपले शतशः ऋणी आहेत' हे कसं भरल्यासारखं वाटतं! लिहिलं, दोनदा मोठ्याने वाचलं, खाली त्रेचाळीस जणांच्या सह्या घेतल्या आणि वर जितेशला चहाही पाजला.

गाडी काही आली नाही. पावसाळा गेला, नाताळ गेला, बॅनरवरचे साहेब उन्हाने पांढरे पडले. शेवटी व्हिक्टर दोन बस बदलून सरकारी कचेरीत गेला. टेबलामागे संजना नावाच्या बाई होत्या. माणूस चांगला. त्यांनी फाइल काढली आणि समजावून सांगितलं.

"काका, वरून खर्चात कपात आलीये. गाड्या निम्म्याच येणार. म्हणून ज्या गावांना अजून मिळाली नाही त्यांची नवीन यादी केली."

"मग त्यात पाली हाय ना?"

"तुमचं नाव कसं येणार? तुम्हाला मिळालीये ना." आणि त्यांनी आभारपत्र पुढे ठेवलं.

स्वतःचंच अक्षर. 'दिल्याबद्दल'. व्हिक्टरला वाटलं, कुणीतरी आपलेच जोडे काढून आपल्याला हाणले.

"अहो बाई, कुणी आंधळा येऊन बघू दे, गाडी न्हाय!"

"मला दिसतंय हो. पण कागदाला कागद लागतो. गाडी मिळाली नाही असं सह्यांनिशी द्या, सोमवारपर्यंत. यादी बंद होते मग."

बसमधून उतरता उतरताच त्याने जितेशला फोन लावला. जितेश म्हणाला, "काका, इलेक्शनच्या तोंडावर साहेबांनी दिली नाही असं लिहून मागताय? मरवाओगे क्या?" आणि फोन ठेवला.

घरी येऊन व्हिक्टरने सगळ्या सरकारचा उद्धार केला. बायकांच्या खात्यात पैसे टाकतात आणि मग आजाऱ्यांच्या गाड्यांना कात्री लावतात! त्यावर त्याची सून स्टेफनी भडकली. "पप्पा, माझे पंधराशे काढू नका हां. त्याच पैशातनं आईंचा दम्याचा पंप येतो. यांच्या मंडपांना, बॅनरांना कधी कात्री लागलेली बघितली का तुम्ही?" व्हिक्टर आणखी चिडला आणि 'गाडी मिळाली नाही' असा कागद लिहायला बसला.

शनिवारी तो कागद घेऊन घरोघर फिरला. प्रत्येक दारात भाषण. निधी म्हणजे काय, कपात म्हणजे काय, तुमच्या बापाचा टॅक्स जातो कुठे. लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली. सही? एकाच्या पोराला साहेब नोकरी लावणार होते. दुसऱ्याला बोटीच्या परवान्याचं काम होतं. गल्लीतली नेहा म्हणाली, "अंकल, नाव दिसलं की त्रास होतो ना." "भेकड हाय हे गाव!" व्हिक्टर भर गल्लीत ओरडला आणि एकही सही न घेता घरी आला.

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर ॲग्नेसने तो कागद टेबलावरून उचलला आणि चपला घातल्या.

"कुठं चालली? डोकं फिरलं काय? चढ हाय पुढं."

ती चढाला लागली. चार घरं चालली आणि नेहाच्या पायरीवर बसली. श्वास असा घरघरत होता की आतला टीव्ही नेहाने बंद केला. ॲग्नेसने बोलायला तोंड उघडलं, शब्द आला नाही. तिने कागद पुढे केला. नेहाने आधी तिच्याकडे बघितलं, मग मागे उभ्या व्हिक्टरकडे. आत जाऊन पेन आणलं, सही केली.

पुढचं घर. पुन्हा पायरी, पुन्हा ती घरघर. बोटीच्या परवान्यावाला सही करताना मान वर करीना. तिसऱ्या घरापुढे ॲग्नेसला उठवेना. तेव्हा मागून नेहा आली, तिच्या हातातला कागद घेतला, म्हणाली, "आंटी, तुम्ही बसा. मी फिरवते."

नेहा वरच्या आळीला गेली. पाठोपाठ परवान्यावालाही गेला. कुणी कुणाला हाका मारू लागलं, दारं उघडू लागली. व्हिक्टर पायरीवर बायकोशेजारी पंप धरून बसला होता. काल ह्याच गल्लीला त्याने भेकड म्हटलं होतं. त्याला रडू आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.