कोकरांची पिकअप मालेच्या चढावर बंद पडते

"येतीस का आमच्यासंगं?" भागामावशींनी सहज विचारलं आणि मी पुढचा-मागचा विचार न करता हो म्हणून बसले. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मेंढ्या सूसला आमच्या सोसायटीमागच्या पडीक रानात उतरतात आणि मग ताम्हिणीतून कोकणात जातात. यंदा पौड ते मुळशी धरणाच्या वरचा त्यांचा मुक्कामाचा तळ, एवढा टप्पा मी त्यांच्याबरोबर करायचं ठरवलं.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. भूगावात अडकलात की निम्मा उत्साह तिथेच संपतो. पौडच्या स्टँडजवळ मिसळ बरी मिळते, रस्सा मात्र जपून घ्या.

मी पोचेपर्यंत कळप चालत पुढे गेला होता. त्यात कोवळी कोकरं नसतात. ती पहाटे आईचं दूध पितात, मग भांडीकुंडी आणि कोंबड्यांसोबत पिकअपच्या हौद्यात बसून पुढच्या तळावर जातात. तिथे संध्याकाळी आया भेटल्या की पुन्हा दूध. गाडी मावशींचा मुलगा सोमनाथ चालवतो. सामान भरून निघेपर्यंत दुपार उलटली. मी मधे बसले, मावशी खिडकीशी, आणि त्यांच्या मांडीवर जुळ्यातलं दुबळं कोकरू.

"ह्यानं सकाळी तोंडच लावलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "सांजच्याला आईला पिलं तर जगंल."

माले गाव मागे टाकलं, चढ लागला, धरणाचं पाणी दिसायला लागलं. मी फोटोसाठी मोबाईल काढते तोच डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गेले. इंजिन बंद. सोमनाथने किल्ली फिरवली तर साधी टिकटिकसुद्धा नाही. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही.

"बॅटरी गेली," मी म्हणाले. सोमनाथलाही तेच वाटलं. खाली उतरून आम्ही चाकांना दगड लावले. फ्यूज शाबूत होते. बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहिले, घट्ट होते. मग त्याने सीटखालून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर लख्ख पेटला.

"म्हंजी बॅटरी चांगली हाय," तो म्हणाला.

एक वायर बॅटरीच्या प्लसला ठेवून दुसरी मी इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. बल्ब मेलेला. चासीचा गंज खरवडून तिथे लावली, तरी तेच. म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाटच तुटली होती. अर्थिंग!

सोमनाथ गाडीखाली शिरला. मी वाकून पाहिलं. बॅटरीची काळी वायर चासीला जिथे कसलेली असते, तिथे बोल्टऐवजी क्षारांचा हिरवा-पांढरा थर होता, आणि त्याच्या बरोबर वर हौद्याच्या पत्र्याला भोकं. कोकरं मुतात नि ओल्यात बसून गारठतात म्हणून त्यानेच ती ड्रिलने पाडली होती. कोकरं कोरडी राहिली, मूत मात्र सारं वायरीवर.

"चांगलं करायला गेलो न् असं झालं," तो गाडीखालूनच म्हणाला.

"नंतर रड. आदी जोड," मावशी गरजल्या. "हे कोकरू मान टाकाय लागलंय."

ऊन उतरत होतं. हौद्यातली कोकरं भुकेने एकसारखी ओरडत होती आणि मला घाबरायला झालं होतं. सोमनाथने वायरीचं सडलेलं टोक कापलं, मावशींच्या विळ्याने चासीवर दुसरी जागा चकाकेपर्यंत खरवडली आणि हौद्याखालच्या एका जुन्या पट्टीचा बोल्ट काढून वायर तिथे आवळली. मी किल्ली फिरवली. दिवे लागले, इंजिन धडधडलं. मावशींनी हॉर्नच वाजवून पाहिला.

तळावर पोचलो तेव्हा आया आधीच येऊन ओरडत होत्या. फाळका उघडताच कोकरं सुटली आणि एवढ्या गलक्यात प्रत्येकाने आपली आई बरोबर शोधली. दुबळ्याला मावशींनी उचलून नेलं, बोटाने तोंड उघडलं. आधी दूध बाहेरच सांडलं. मग त्याने चोखायला घेतलं आणि शेपटी थरथरली. सोमनाथ माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. मी पुण्याकडे जाणारी शेवटची एसटी पकडली.

घरी आल्यावर अंगाचा मेंढ्यांचा वास दोन अंघोळींनी गेला. सकाळी मावशींचा फोन आला.

"बारकं पहाटं गेलं, ताई."

गाडी बंद पडली नसती तर, असं काहीतरी मी पुटपुटले.

"न्हाई गं. जलमापासनं तसंच हुतं ते. पर पोट भरून गेलं. उपाशी न्हाई गेलं आपल्या हातनं."

मी रडले, आणि ते त्यांना ऐकू गेलं असणार. पलीकडे कोकरांचा गलका चालला होता. गाडी भरायचीय म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.