रेगेबुवांचं भजन लावा

आठवणी लिहिताना कुणाचंही नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे, कारण रत्नागिरी एवढीशी आणि मला रोज मच्छी मार्केटात जायचं असतं. पण एक आडनाव घ्यावंच लागणार. सगळा घोटाळा त्या आडनावाने केला. ते आडनाव रेगे.

माझं माहेर हातखंब्यापासून बरंच आत. तिथल्या पोस्टात एक रेगे होते. दिवसा टपालावर शिक्के मारायचे आणि गुरुवारी संध्याकाळी देवळात पेटी पुढ्यात घेऊन भजनाला बसायचे. अख्खी पंचक्रोशी त्यांना रेगेबुवा म्हणायची. माझे बाबा त्यांच्या डाव्या हाताला बसून झांज वाजवायचे. शेती आणि झांज सोडून बाबांनी आयुष्यात तिसरं काही मन लावून केल्याचं मला आठवत नाही. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, जरा जोरात सांगितलं असतं. रेगेबुवा गेले आणि मंडळाला नवा बुवा आला. तरुण, गळा चांगला, मोटारसायकलवरून येणारा. त्याने काही महिने सोसलं आणि एका गुरुवारी सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, तुमची झांज मागून येते. तुम्ही आता कोरसात बसा."

बाबा कोरसात बसले नाहीत. ते आमच्याकडे रत्नागिरीत येऊन बसले. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाले. झांज टॉवेलात गुंडाळून आणली होती, ती त्यांनी टीव्हीखालच्या कपाटात पाहुण्यांच्या चादरींमागे सरकवून दिली. गुडघे दुखतात म्हणून झांज घेऊन कोण येतं? ते ती पुन्हा हातात धरतात की नाही, एवढाच प्रश्न घरात होता आणि तो कुणी तोंडावर आणत नव्हतं. मी मात्र रोज भाजी चिरताना मनातल्या मनात त्या बुवालाच चिरत होते.

माझ्या नवऱ्याला नव्या टीव्हीचं भारी कौतुक. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्याने रिमोट त्यांच्या हातात दिला. "ह्यात बोलायचं, बाबा. जे हवं ते सांगा, तो लावतो." बाबा ताठ बसले. रिमोट तोंडासमोर धरला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "जरा रेगेबुवांचं भजन लावा हो."

टीव्हीने थोडा विचार केला. त्यातला त्याला कळला तेवढा शब्द उचलला, आणि पडद्यावर कमरेपर्यंत जटा सोडलेला, डोळे मिटलेला, गिटार गळ्यात घातलेला एक माणूस आला. मागे तीन बाया एकसारख्या डुलत होत्या.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे आमचे रेगे नव्हेत," म्हणाले.

"बाबा, हे रेगे म्हणजे संगीत. लांबच्या एका बेटावरचं," नवरा म्हणाला.

"बेटावर कधी गेले रेगे?"

"ते आडनाव नाही हो."

"मंग काय, नाव हाय?"

नवऱ्याने रिमोट घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी तो मांडीखाली घातला. माणूस जीव तोडून गातो आहे, मधेच उठायचं नसतं. आमच्या गावात भजनाचा शेवट गजराने होतो. सगळे उठून टाळ्या पिटतात, लय चढत जाते, मग प्रसाद. गजर झाल्याशिवाय कुणी बैठक सोडत नाही. बाबा गजराची वाट बघत बसले. टीव्हीला हा रिवाज ठाऊक नव्हता. एक गाणं संपलं की तो आपण होऊन दुसरं लावायचा. जेवणं निवली. शेवटी नवऱ्याने मागे जाऊन वायर उपटली आणि लाइट गेली म्हणून सांगितलं. पंखा डोक्यावर गरगरत होता.

दुसऱ्या दिवसापासून टीव्ही आमचा राहिला नाही. बाबांचं ठाम मत पडलं की हे भजनच आहे. जटा आहेत, चिलीम आहे, मागे कोरस आहे, डोळे मिटलेले आहेत, आणखी काय हवं? नवऱ्याने मोबाइलवर वाचून सांगितलं की खरंच, ह्यातली कितीतरी गाणी त्यांच्या देवाचीच असतात. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हे काय वाचावं लागतं?

मग टीव्हीने 'स्का' नावाचं काहीतरी पुढे केलं. "स्का म्हणजे काय? जेवलास्का, झोपलास्का, त्यातलं?" असं बाबांनी विचारलं, आणि आमच्या घरात पुढे त्याचं नाव जेवलास्का असंच पडलं. हे रेगेचं थोरलं भावंड, जास्त चपळ. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जुन्या काळ्यापांढऱ्या फितीपासून सुरुवात करावी. सूट घातलेली माणसं गर्दीने उभी राहून ट्रंपेट फुंकतात, आणि गाणारा असा हसतो की जणू तोंडात मोदक आहे. "बेंजो," बाबांनी निकाल दिला. आमच्याकडे लग्नात आणि विसर्जनाला वाजतो तो बेंजो. "पण शिकलेला बेंजो."

त्यानंतर विलायतेतली एक टोळी आली. गोरे आणि काळे एकत्र, निमुळते टाय, आखूड विजारी, आणि सगळे जागच्या जागी गुडघे उचलून पळत होते. कुठे पोचायचं नाही, पण घाई तर पाहा. बाबा खुर्चीतून उठले. "ही जाखडी. नुसती पायात घुंगरं नायत." जाखडी म्हणजे गणपतीत आमच्याकडे गोल फेर धरून नाचतात ती. बाबांनी तरुणपणी ती नाचली होती. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि सोफ्याला एक फेरी मारून आले. गुडघेदुखीचा निकाल तिथेच लागला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी कॅलेंडरकडे, गणपतीला किती दिवस उरले ते.

एकदा जपानी निघाले. सगळे लालभडक सुटात, घामाने निथळत, सॅक्सोफोन घेऊन उड्या मारत होते. "हे पण रेगे?" बाबांनी विचारलं. मी आता समजावणं सोडून दिलं होतं. हे पण, म्हटलं. "गोतावळा मोठा हाय," ते म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव जडला तो एका साध्याच व्हिडिओवर. कुठल्याशा अंगणात, झाडाखाली, लाकडी खुर्च्या टाकून बसलेले चारदोन म्हातारे. नाच नाही, दिवे नाहीत, मधून कोंबडी जाते. त्यातला एकजण गिटारवर गाणंभर एकच काम करतो. भजनात सम म्हणजे जिथे सगळ्यांनी मिळून पोचायचं ती जागा, आणि खाली म्हणजे मधली रिकामी. आमची सगळी अब्रू समेवर. हा गृहस्थ समेवर स्वस्थ बसून असतो आणि ती गेली की मागाहून रिकाम्या जागेत हळूच 'चक' करतो. पुन्हा स्वस्थ. पुन्हा 'चक'. चेहऱ्यावर जेवून उठल्याचं समाधान.

बाबा ते रोज लावायचे. एका दुपारी मी शेंगा मोडत बाजूला बसले होते. ते म्हणाले, "हा बग. हा पण मागून येतो. पण त्येला कोणी उठवलान नाय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी विचारलं, "बाबा, तुमची झांज खरंच मागून येते?"

"येते."

मला वाटलं होतं ते नाकारतील. माझी भांडायची सगळी तयारी झाली होती, ती फुकट गेली.

"रेगेबुवांना दमा व्हता," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "समेच्या आधी जरासा दम घ्यायचे. एकटे उशिरा आले तर लोकांना कळेल, म्हणून मी पण थांबायचो. दोघं मिळून उशिरा आलं की उशीर वाटत नाय. पकवाजवाला पण मंग आमच्याबरोबर यायचा. आता बुवा नायत. मला कळतं ता. पण हात थांबतो गो. हाताला कोण सांगणार?"

तेव्हा मला उमगलं की त्यांनी पहिल्या दिवशी टीव्हीकडे काय मागितलं होतं. आम्ही ते आल्यागेल्याला विनोद म्हणून सांगत होतो. रेगेबुवांचं गाणं कुणी कधी टिपून ठेवलेलं नाही. पोस्टातल्या माणसाचे व्हिडिओ कोण काढतं? मला रडूच आलं. मी उठून कुकर लावला, कुकरची वेळ नसताना.

त्याच आठवड्यात चादरींमागून झांज निघाली. बाबा त्या अंगणातल्या म्हाताऱ्यांना साथ करू लागले. ते 'चक' करायचे, बाबा 'छन्' करायचे, आणि दोघांचं इतकं जमायचं की टीव्हीतली मंडळी वळून बघतील असं वाटे. नवऱ्याला जेवण जाईना. त्याचा घास रिकाम्या जागेत चावला जाऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला अडवून विचारलं, "तुमच्याकडे रोज पूजा असते वाटतं? आम्हाला प्रसाद कसा येत नाही?" मी त्यांना वाटीभर शिरा नेऊन दिला. खोटं बोलण्यापेक्षा शिरा सोपा.

गणपती जवळ आले तसा तो नवा बुवा दारात उभा राहिला. हातात परसातल्या दोन काकड्या. मी चहा दिला, पण आलं घातलं नाही. तो बाबांना म्हणाला, "काका, गणपतीत घरोघर फिरायचं हाय. तुमच्याशिवाय बरं दिसत नाय. चला. कोरसात तर कोरसात." बाबांनी त्याला उत्तर न देता आधी जपानी दाखवले, मग विलायतवाले, मग अंगणातले म्हातारे. तो बिचारा चहा हातात धरून सगळं बघत होता. गाणारा माणूस, त्याचं बोट आपोआप कपावर पडू लागलं. रिकाम्या जागेत.

त्याला सोडायला म्हणून मी खाली उतरले आणि फाटकाशी गाठलंच. म्हटलं, "तुझ्या गळ्याचं गावभर कौतुक आहे. कानांचंही होऊ दे जरा." आणि बाबांनी सांगितलेलं सगळं, दम्यापासून हातापर्यंत, त्याला ऐकवलं. "मला म्हायत नव्हतं, ताई," एवढंच म्हणाला. मग चटकन निघून जावं म्हणून त्याने मोटारसायकलला किक मारली, तर ती सुरू होईना. शेवटी मीच उतारापर्यंत धक्का दिला. माणसं धड रागावूही देत नाहीत.

गणपतीत आम्ही गावी गेलो. मंडळ आमच्या पडवीत आलं तेव्हा नुकत्याच तिन्हीसांजा झाल्या होत्या. बाबा टॉवेलातून झांज काढून आले आणि कोरसात जाऊन बसले, अगदी मागे. बुवाने पेटी उघडली आणि आपल्या डाव्या हाताची जागा थोपटली. "काका, हितं." बाबा मागेपुढे पाहत उठले आणि तिथे बसले.

अभंग सुरू झाला. बुवाचा गळा स्वच्छ, छाती तरण्याबांड माणसाची, एका दमात ओळ ओलांडून जाईल अशी. समेच्या अलीकडे तो आला आणि थांबला. तोंड उघडून, खांदे वर करून त्याने दम घेतला, जरासाच. पखवाजवाल्याने चमकून पाहिलं आणि तोही थांबला. मग सगळे मिळून समेवर उतरले आणि बाबांची झांज बरोबर त्याच जागी पडली. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. गजर होईपर्यंत प्रत्येक ओळीला तसंच. मी दाराआड उभी राहून पदराने नाक पुसत होते, आणि नवऱ्याचा पाय भलत्याच ठिकाणी ठेका धरत होता.

मंडळ काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन पुढच्या घरी निघालं. बाबा चपला शोधत माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्या पोराला दमा हाय काय गो? समेच्या आधी दम लागतो त्येला."

मी वाकून त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

"एवढ्या लहान वयात," ते म्हणाले. "अडुळशाचा काढा दे त्येला करून. कोणाला सांगू नको." त्यांनी झांज टॉवेलात न गुंडाळता तशीच हातात घेतली. "तवर मी थांबीन त्याच्यासाठी. मला सवय हाय."