खिंडीपर्यंत न पोहोचलेले लाडू

ज्याच्या मस्तकी चंद्र आणि आसनाखाली अखंड हिम, त्या कैलासनाथाला वंदन करून आज संक्रांतीच्या दिवशी मी आमच्या वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांविषयी लिहावयास बसलो आहे. चाकणपासून थेरगावपर्यंत बर्फावर इतके निस्सीम प्रेम करणारा, आणि बर्फाने इतक्या सातत्याने झिडकारलेला दुसरा मनुष्य भगवंताने घडविला नसावा.

चाकणच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ते तीस वर्षे पोलादाची हत्यारे घडवीत. कारखाना वर्षातून एकदाच, डिसेंबरअखेर, आठवडाभर बंद राही. इतर माणसे हिमालयात उन्हाळ्यात जात, तर हे गृहस्थ या सुट्टीपायी पाऊलवाट काचेसारखी गोठलेली असताना जात. तयारी मात्र वर्षभर चाले. ऐन वैशाखात ते रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून पार्किंगमध्ये ठेवीत आणि तिच्यावर जपून पावले टाकीत. "अहो, पडाल! लोकं हसत्यात," वहिनी गॅलरीतून ओरडत. "हसू दे गं, सराव हाय ह्यो," असे म्हणता म्हणताच ते पडत. फोनवर बोलताना मोकळा हात फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याची सवय तर साऱ्या इमारतीला ठाऊक होती. मी एकदा भीतभीत कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "गुरुजी, बरफ म्हंजे पाणीच की. फकस्त गप बसल्यालं."

इच्छा एवढीच, की हिमालयातल्या त्या गोठलेल्या वाटेवरची खिंड गाठावी आणि वहिनींनी दिलेला तिळाचा लाडू तेथे, उत्तरेच्या शिखरांकडे तोंड करून खावा. चार हिवाळे डबा भरलेलाच परत आला. बुटांखाली बांधायचे विकतचे खिळे कधी वाकले, कधी निसटले. दर संक्रांतीला ते लाडू आम्हीच खाल्ले, आणि गोड बोलण्याच्या नेमक्या त्या दिवशी काय बोलावे हे मला कधीच सुचले नाही.

यंदाची सुट्टी निवृत्तीपूर्वीची शेवटची. म्हणून खिळे त्यांनी स्वतःच घडविले. तापलेले पोलाद तेलात बुडवून कडक केले, की ते पुन्हा मंद आचेवर शेकावे लागते. नाहीतर ते ठिसूळ राहते. शिकाऊ कामगारांना त्यांनी हे तीस वर्षे रागावून शिकविले होते. पण कारखाना बंद होण्यास तासच उरला होता, भट्टी विझवीत होते, आणि खिळ्यांचे शेकणे राहून गेले. "कानस फिरवली, ओरखडा उठंना. म्हणलं, कडक झालं, झालं काम!" हे त्यांनी मला रुग्णालयात सांगितले. खिंड नजरेच्या टप्प्यात आली असता ते खिळे गोठलेल्या उतारावर बांगड्यांसारखे फुटले. गुडघा गेला. चढण आता जन्मभर वर्ज्य. घरचा जिनासुद्धा दोघांच्या आधारानेच चढायचा.

आज सकाळी तिळगूळ घेऊन मी वर गेलो. ते सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसले होते. आयुष्यभर स्तोत्रे पाठ केलेला मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. ते म्हणाले, "मी जायचो त्याच्याकडं, गुरुजी. आता त्योच येतोय रोज." वहिनी पाठमोऱ्या झाल्या. टेबलावर तोच डबा होता. मी उघडून एक लाडू त्यांच्यापुढे धरला.

"न्हाई. त्यो खिंडीतला हाय," ते म्हणाले. "तुमी खा."

त्यांची गॅलरी उत्तरेला आहे. मी तेथे उभा राहून, तिकडे तोंड करून, लाडू सावकाश संपविला. मागे वळलो, तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. "कसा लागला?" त्यांनी हळूच विचारले.

वाचकहो, तुमच्या घरादारातील प्रत्येक पाऊल तो नीलकंठ सावरो. आणि ज्या ठिकाणासाठी तुम्ही निघालात, तेथे तुमचा डबा एकदा तरी उघडो.