सुवर्णाचं स्टँडर्ड

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही सुवर्णाला ओळखत नाही.

सुवर्णा वैराग गावची. फार्मसी कॉलेजात आम्ही एका बाकावर, शुक्रवार पेठेत एका खोलीत. डबा एक, साबण एक. अशा मैत्रिणीवर कुणी नजर ठेवतं का? मी नाही ठेवली. शेवटच्या वर्षी ॲलर्जीच्या गोळ्यांतलं औषध मोजायची एक सोपी पद्धत मी बसवली — अख्खा उन्हाळा लॅबमध्ये घाम गाळून. सुवर्णाने ती सेमिनारमध्ये स्वतःची म्हणून मांडली. सरांनी पाठ थोपटली. खोलीवर आल्यावर म्हणाली, "तुजं नाव घ्यायचं राहिलंच की गं. लई घाबरले हुते." आणि शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली. मी जेवले. पण जेवतानाच ठरवलं — हिला याच कामात तोंडघशी पाडायचं.

संधी लवकरच आली. गावाबाहेरच्या एका औषध कारखान्याला लॅबसाठी एक मुलगी हवी होती. शेवटी आम्ही दोघीच उरलो. कारखान्याच्या साहेबांनी कॉलेजात येऊन सेटिरिझिनच्या, म्हणजे ॲलर्जीच्याच, गोळ्या दिल्या — यातलं औषध मोजून दाखवा. पुढे जे केलं, ते मी नोकरीसाठी केलं असं वाटतंय? नाही हो. नोकरी नसती तरी केलं असतं.

हे मोजणं म्हणजे ताडून बघणं. शुद्ध औषध तोलून फ्लास्कमध्ये घालायचं, मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं — ते स्टँडर्ड. गोळ्या कुटून त्यांचं पाणी करायचं आणि मशीनवर स्टँडर्डशी ताडायचं. स्टँडर्डच पातळ असेल, तर गोळीत औषध जास्त दिसतं. सुवर्णा गोळ्या तोलायला पलीकडच्या खोलीत गेली. तिचा फ्लास्क टेबलावर होता. त्यातलं थोडं मी बेसिनमध्ये टाकलं आणि पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरलं — थेंबाथेंबाने, अगदी नीट.

तिचं उत्तर आलं एकशे अकरा टक्के, म्हणजे पाकिटावर छापलंय त्याहून अकरा टक्के जास्त. साहेब हसले — एवढं जास्तीचं औषध कोण फुकट घालतं, बाई? तिने पुन्हा गोळ्या कुटल्या. स्टँडर्ड तेच, म्हणून उत्तरही तेच.

इथपर्यंत सूड होता. पुढचं — पुढचं सांगायला जड जातं.

ती फ्लास्क घेऊन माझ्याकडेच आली. "बग की जरा. ह्या स्टँडर्डातच कायतरी झालंय." बरोबर ओळखलं होतं तिने. नवीन करायला वेळही होता. मी फ्लास्क उजेडात धरला, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. तुझाच हात बसलेला नाही." तिने ते खरं मानलं. का मानलं? साहेबांपुढे जाऊन स्वतःच म्हणाली, "मला हे जमत न्हाय, सर."

नोकरी मला मिळाली, अजून तिथेच आहे. ती वैरागला परत गेली, लग्न झालं, पुन्हा लॅबची पायरी चढली नाही. एक फोन करून खरं सांगता आलं असतं. केला नाही.

यंदा तिचाच फोन आला. मुलगी दहावी झाली. "सायन्सला घालत न्हाय तिला," म्हणाली. "माज्यावर गेलीय. हाताला मापच न्हाय पोरीच्या."

मी "बरं" म्हणाले. आणि वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं.