घोळीचा आवाज आणि निल्याचं बक्षीस

शेजारच्या निल्याला समुद्राच्या शास्त्रातलं बक्षीस मिळतंय, चेन्नईत, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी विशाखापट्टणमला बोटींच्या कारखान्यात वेल्डिंग करत होतो. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? बक्षीस माशांच्या आवाजावर होतं. वल्हं पाण्यात धरून दांडी कानाला लावायची, खाली घोळ मासळी बोलतेय का ऐकायचं, हे आमच्या पालघरकडच्या बंदरात मीच त्याला शिकवलं. मी सातवीत शाळा सोडली, तो शिकत गेला. स्टेजवरून तो माझं नाव घेतो का, एवढंच ऐकायला रजा टाकली.

संध्याकाळची गाडी धरलीत तर सकाळी चेन्नई सेंट्रल. रस्ता ओलांडला की पार्क स्टेशन, तिथून दहाच्या नोटेत तांबरम. लॉज तिकडेच घ्या, कार्यक्रम अड्यारला असला तरी तिथे परवडत नाही. स्टेशनबाहेर पोंगल खाल्ला. मऊ खिचडीच, पण मिरी अशी की झोप उडते.

दुपारी टी. नगर. साड्यांच्या दुकानांसमोर चालावं लागत नाही, गर्दीच नेते. मी शर्ट बघत होतो.

"कल्याणमा, तंबी?" दुकानदार म्हणाला. लग्न आहे का, म्हणे.

मित्राला बक्षीस आहे म्हटलं, तर त्याने महागातला काढला. घेतला. आपण पण काही कमी नाही हे दिसायला नको?

दुसऱ्या दिवशी गिंडीला उतरून बसने अड्यार. हॉलच्या दारात नावं लिहून घेणाऱ्या बाई तंजावरकडच्या मराठी निघाल्या, सगळ्यांना 'अस्के' म्हणणाऱ्या. मी निल्याचं नाव सांगितलं. "अस्के आत बसले, तुम्ही पण जा. तुम्ही त्यांचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

आणि निल्या स्टेजवर साध्या चपला घालून! त्याला नवा शर्ट लागतच नाही. इंग्रजीत बोलला, आवाज वाजवून दाखवले. शेवटी आभार. मी कान टवकारले. "लोकल फिशरमेन," एवढंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. त्याचाच राग जास्त आला.

चहाच्या वेळी तो मिठी मारायला आला. "दिन्या! इतक्या लांबून आलास?"

बाजूला त्याचे मोठे सर उभे. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "तुझा दुसरा आवाज घोळीचा नाही. शिंगाळा आहे तो. घोळ ढोलकीसारखी वाजते, हा करकरतोय. एवढं पण विसरलास?"

निल्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, दोन घोट चहाइतकं. मग त्याने तिथेच मोबाईल काढला, आवाज पुन्हा ऐकला आणि सरांना सांगून टाकलं, चूक माझी, हा बरोबर आहे. हरतानाही साला मोठाच दिसला.

सरांनी हिंदीत विचारलं, "आप क्या करते हैं?"

"वेल्डर," म्हणालो. कप ठेवला आणि निघालो.

परत येऊन आठवडा झाला. पोंगल आवडला, शर्ट काखेत काचतो. तुम्ही गेलात तर शर्ट घालून बघून घ्या. परवा निल्याने एकतीस आवाज पाठवले. "ओळखून दे ना, तुझ्याशिवाय कोणाला विचारू?"

दोन दिवस उघडले नाहीत. आज जेवणाच्या सुट्टीत सगळे ऐकले. एकोणतीस ओळखले, दोन नाही आले, तसं लिहिलं. खाली लिहिलं, "छापशील तेव्हा मच्छीमार लिहू नकोस. दिनेश रामा तांडेल लिही. बापाच्या नावासकट."