भय्यासाहेबांचा कॉर्डलेस

भय्यासाहेब सुभेदारांनी सगळी नोकरी रेल्वेच्या क्लेम ऑफिसात काढली. फुटलेल्या बरण्या, भिजलेलं कापड, वाटेत गायब झालेले संत्र्यांचे करंडे, सगळ्यांचे दावे त्यांच्या टेबलावर यायचे. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच ते कागद उघडायचे. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, सवय घरी आली. दूधवाल्यावर संशय, शेजारच्या मीटरवर संशय, राम घाटावर श्राद्धाला तीळ हात राखून टाकणाऱ्या गुरुजींवरसुद्धा. मग मुलानं, रुचिरनं, बंगलोरहून कॉर्डलेस फोन आणून दिला. "बाबा, तार नाही याला. घरभर फिरत बोला." आणि भय्यासाहेबांच्या संशयाला पुन्हा पक्की नोकरी लागली.

भानगड अशी होती. नानाखेड्यातल्या त्यांच्या बैठ्या घरावर एक मजला चढवायचा होता, रुचिर आणि सूनबाई अपर्णासाठी. ठेकेदार येता-जाता टोकायचा, "बाबूजी, काम लगाऊँ कि नहीं?" पण पोरं उज्जैनला परतणार की नाही हेच ठाऊक नसताना विटा कुणासाठी उतरवायच्या? पत्नी दुर्गाबाईंनी तर दम भरला होता, "त्याला खोदून विचारायचं नाही. यायचं असेल तर आपणहून सांगेल."

त्यामुळे रविवारी रुचिरचा फोन आला की भय्यासाहेब बैठकीत गुडघ्याबद्दल, उकाड्याबद्दल, लोणच्याबद्दल मोठ्यानं बोलायचे. मजल्याचा विषय ओठांवर आला की हळूच उठायचे, स्वयंपाकघर ओलांडून परसातल्या पत्र्याच्या शेडखाली जायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "मग, यायचं काय ठरतंय?"

की खर्रर्र. फोन गप्प.

पहिल्यांदा त्यांनी टेलिफोन खात्याला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मात्र त्यांच्यातला क्लेमवाला जागा झाला. लोणच्याला कटत नाही, गुडघ्याला कटत नाही, नेमका इथेच कसा कटतो? बरं, तिकडून परत कुणी लावतही नाही. फोन जाण्याआधी रुचिरच्या मागे बांगडी वाजली होती, असंही त्यांना आठवू लागलं. दोन दिवसांत ती बांगडी चांगली खणखणीत वाजू लागली.

"फोन तिकडून कापतात," त्यांनी दुर्गाबाईंना सांगितलं. "मुद्द्याचं निघालं की कापतात."

"तुमचा मुद्दा असतो तरी कोणता?"

यावर भय्यासाहेबांना पेपर वाचायची आठवण झाली.

फ्रीगंजातून मेकॅनिक बोलावला. त्यानं बैठकीत, फोनच्या ठोकळ्याशेजारी उभं राहून आपल्या दुकानात फोन लावला, मालकाशी पोटभर गप्पा मारल्या आणि म्हणाला, "अंकलजी, मशीन तो चकाचक है. कटता कब है?"

"बहू के आने की बात निकलती है तब."

"उसका इलाज मेरे पास नहीं है," म्हणत त्यानं पेचकस पिशवीत टाकला.

पुढच्या रविवारी अपर्णानं फोनवर नमस्कार केला, तर भय्यासाहेबांनी नुसतं "हं" म्हटलं. रुचिर लाईनवर आला तसे ते शेडखाली पोचले. दुर्गाबाई पापड काढायला मागे आल्या तर हे भिंतीकडे तोंड करून कुजबुजतायत, "हॅलो... हॅलो... पाहिलंस? कापला."

दुर्गाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत बैठकीत, फोनच्या ठोकळ्याकडे नेलं. ओटा मागे पडला, लोखंडी कपाट मागे पडलं, आणि खरखरीतून आवाज निवळत आला, "...बाबा? ऐकताय का?"

"तार नाही म्हणून काय महाकालपर्यंत बोलत जाल?" दुर्गाबाई म्हणाल्या. "विचारा काय ते इथेच. मी ऐकतेय."

भय्यासाहेबांनी आयुष्यभर इतरांना उभं करून प्रश्न विचारले होते. आज स्वतः उभे राहिले. "वरचा मजला बांधायचाय. तुम्ही येणार का?"

"बाबा, मी दर वेळी सांगतोय. सांगितलं की तुम्ही एकदम गप्प होता आणि फोन ठेवून देता. मला वाटलं, रागावलात. म्हणून परत लावायची हिंमत नाही झाली. आम्ही इथेच फ्लॅट घेतोय. वर नका बांधू."

या वेळी आवाज अगदी स्वच्छ येत होता. भय्यासाहेब खुर्चीत बसले. तिकडे फोन अपर्णानं घेतला.

"बाबा?"

"सूनबाई, एक विचारतो. फोन तू कापत नव्हतीस ना?"

"नाही. पण आत्ता तो 'नका बांधू' म्हणाला ना, तेव्हा कापावासा वाटला."

दुर्गाबाई फोन घ्यायला पुढे झाल्या, तर भय्यासाहेबांनी हातानंच थांबवलं.

"बिल्डर कोण आहे?" त्यांनी विचारलं. "त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. नळ सोडून बघा, भिंतीवर टिचकी मारून बघा. आणि मी येईपर्यंत सही करू नका. पुढच्या आठवड्यात निघतो."