ओली पटाशी

अर्धा इंची पटाशी ओली होती.

शनिवारचे चार वाजत आले होते. क्लास संपला होता. मुलं एकेक हत्यार आणून भिंतीवरच्या फळीला लावत होती आणि मी प्रत्येकाला हात लावून बघत होते. पटाशी म्हणजे लाकडात खाच पाडायचं हत्यार. तिची धार वस्तऱ्यासारखी ठेवावी लागते. तिला पाणी लावायचं नाही, गंज चढतो, हे माझ्या क्लासमधलं कुठलंही पोर झोपेतसुद्धा सांगेल. मग ही धुतली कोणी? आणि कशासाठी?

नोएडातल्या आमच्या नव्या सोसायटीच्या क्लबमध्ये, बेसमेंटच्या खोलीत, मी बारा मुलांना सुतारकाम शिकवायची. त्याआधी आर. के. पुरमच्या एका सरकारी शाळेत वर्क एक्स्पिरियन्सची टीचर होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून क्लबकडे खोली मागितली. सेक्रेटरी भाटियाजींनी ती दिली, पण एका अटीवर.

"मॅडम, एक भी बच्चे का खून निकला तो क्लास उसी दिन बंद. लिखकर दीजिए."

मी लिहून दिलं. वर शहाणपणा असा केला की ती अट दर शनिवारी मुलांना ऐकवायला लागले. "किसी को लगा तो क्लास बंद, याद रखना." म्हटलं, धाकाने तरी पोरं जपून हात चालवतील.

हत्यार घेताना आपल्या नंबरचं टोकन त्याच्या खिळ्याला अडकवायचं आणि परत लावताना काढून घ्यायचं, ही पद्धत मी वडिलांच्या रेल्वे वर्कशॉपमधून उचलली होती. कुठलं हत्यार कोणाकडे आहे, ते एका नजरेत कळतं. अर्धा इंचीच्या खिळ्याला सात नंबर तसाच लटकत होता. काढून घ्यायचं राहून गेलं होतं.

सात नंबर म्हणजे सना मुजावर. वय दहा. आईवडील पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटर कंपनीत. ती दाराजवळ उभी होती. जानेवारीतली थंडी, त्यामुळे सगळ्यांचेच हात खिशात नाहीतर बाहीत. तिचा डावा हात स्वेटरच्या बाहीत गेलेला होता, यात वेगळं असं काहीच दिसत नव्हतं.

"सना, हात दाखव."

"थंडी वाजतेय, मॅम."

तेवढ्यात दोघं-तिघं तिच्यापुढे येऊन उभे राहिले. एकजण म्हणाला, "मॅम, इसको जाने दो ना. इसकी मम्मी बुला रही है."

सनाची आई शनिवारीही सात वाजेपर्यंत ऑफिसात असते, हे मला ठाऊक होतं. मी पोरांना बाजूला केलं आणि तिची बाही वर सारली. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला तीन रुमाल गुंडाळलेले होते. तिन्ही वेगवेगळ्या मुलांचे. आतला रुमाल मूळचा कुठल्या रंगाचा होता, ते कळत नव्हतं.

तिला स्टुलावर बसवून रुमाल सोडले. लाकूड वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, घट्ट धरून, दोन्ही हात धारेच्या मागे ठेवून पटाशी चालवायची असते. हिने घाईत लाकूड हातातच धरलं होतं. बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने खोल जखम होती. रक्त जवळजवळ थांबलं होतं.

"बोटं वाकव."

तीन बोटं वाकली. पहिलं सरळच राहिलं.

शाळेत फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट डोक्यात बसली होती. रक्त थांबलं म्हणजे निभावलं असं नाही, बोट हलतंय का बघा. बोटाला ओढणारी आतली दोरी, डॉक्टर तिला टेंडन म्हणतात, ती तुटली असेल तर वरून पट्टी बांधून उपयोग नसतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच तर बोलता ना, लागलं की क्लास बंद."

मी तिचा हात वर धरून ठेवला.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. भाटियाजी कोणाला तरी घेऊन खाली येत होते. खोलीत मल्टी-जिम करायचं त्यांच्या मनात होतं आणि आज मापं घ्यायला माणूस येणार होता. सनाने माझी साडी धरली. क्लासमध्ये ती मला मॅम म्हणायची, आता घरातलं तोंडात आलं.

"काकू, प्लीज नका ना सांगू. मी मम्मीला बोलते, दरवाज्यात बोट आलं."

बाकीची अकरा पोरं माझ्याकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह मलाही झाला. रिक्षा करून हिला गुपचूप डॉक्टरकडे न्यावं, दरवाजा तर दरवाजा. मग त्या ताठ बोटाकडे लक्ष गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली. डॉक्टरला पटाशी सांगितली नाही, तर तो दोन टाके घालून घरी पाठवेल.

भाटियाजी दारात आले.

"पटाशीने कापलंय," मी हिंदीत सांगितलं. "टेंडन तुटली असावी. गाडी काढा."

ते मापवाल्याला तिथेच सोडून गाडी काढायला धावले. सनाच्या आईला ऑफिसात फोनही त्यांनीच केला. दिल्लीच्या हॉस्पिटलमध्ये त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वेळेत आणलंत, दोन आठवडे गेले असते तर तुटलेली टोकं आत ओढली गेली असती. पाच महिन्यांनी सनाचं बोट वाकायला लागलं. पूर्ण मूठ अजून होत नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर भाटियाजी मला हळूच म्हणाले, "मॅडम, रूल तो रूल है."

"बिल्कुल," मी म्हटलं. भांडायला तोंड कुठे होतं? सही माझीच होती.

पुढच्या शनिवारी मुलं क्लासमध्ये करायला घेतलेले आपापले अर्धवट लाकडी डबे न्यायला आली. क्लास बंदच झाला होता, त्यामुळे आता भीती कशाचीच उरली नव्हती. एकाने अंगठा पुढे केला, "मॅम, ये दिवाली वाला है, रंदे से." दुसरीने करवतीची खूण दाखवली. मग जो तो पुढे यायला लागला. बारांपैकी सातजणांकडे दाखवायला काही ना काही होतं, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी रुमाल दिले होते.

दीड वर्ष मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाती पुढे काढून सांगत होते, माझ्या क्लासमध्ये कोणाला साधं खरचटलेलंही नाही. डबे कोणाचे पुरे झाले नाहीत. जखम लपवायला मात्र मी सगळ्यांना पक्कं शिकवलं होतं.